काठीचं दुसरं टोक

पंढरीनाथ खैरनार माझ्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलले ते ओरडूनच.

एप्रिलची संध्याकाळ होती. लखनऊच्या तेलीबाग भागातल्या आमच्या कॉलनीच्या पार्कमध्ये पाचसहा मुली पकडापकडी खेळत होत्या आणि मी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला, अनन्याला, दोन्ही खांद्यांना धरून त्यांच्याकडे ढकलत होते. "जा ना गं. मुझे भी खेलना है, एवढंच तर म्हणायचंय. जा!" अनन्या पाय रोवून उभी होती. मी आणखी एक धक्का दिला, तेवढ्यात समोरून मराठीत आवाज आला, "ओ मॅडम! पोरगी आहे ती, हातगाडी नाही. ढकलताय कशाला?"

मी मान वर करून पाहिलं. सत्तरीचा काटकुळा माणूस, पांढरा हाफशर्ट, पायात कॅनव्हासचे बूट आणि खिशात पेनाऐवजी गुंडाळायची लोखंडी टेप. एरवी लखनऊत असं अचानक मराठी कानावर पडलं असतं तर मला भरून आलं असतं. त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमचा काय संबंध?" मी विचारलं.

"काही नाही. पण तुम्ही तिच्या पाठीमागे उभ्या आहात, तुम्हाला तिचा चेहरा दिसत नाहीये. मला दिसतोय."

एवढं बोलून ते झाडांकडे निघून गेले. मी अनन्याचं मनगट धरून तडक घरी आले. पोळ्या लाटताना, कुकर लावताना मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. तो म्हणाला ते खरं होतं, म्हणूनच.

माझं काय बिनसलं होतं ते सांगायला हवं. डिसेंबरात सिद्धेशची, माझ्या नवऱ्याची, पुण्याहून लखनऊला बदली झाली. तो रेल्वेत इंजिनियर. मला इथल्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली, म्हणून आम्ही दोघं फार खूश होतो. अनन्याला जानेवारीत, वर्ष अर्धं सरल्यावर, नव्या शाळेत घातलं. "मुलांचं काय, आठ दिवसांत रुळतात," असं मला किमान वीस जणांनी सांगितलं. त्या वीसही जणांना एका रांगेत उभं करून जाब विचारावा असं मला आजही वाटतं. आठ दिवसांत रुळली नाही तर काय करायचं, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

अनन्या रुळली नाही. ती शाळेत बोलायचीच नाही. घरी मराठीत चुरुचुरु बोलणारी मुलगी वर्गात तोंड उघडेना. डबा एकटी खायची, तोही अर्धा. मी टीचरना भेटले, तर त्या कौतुकाने म्हणाल्या, "बहुत प्यारी बच्ची है, बिल्कुल डिस्टर्ब नहीं करती." तीन आठवडे एक मूल एका शब्दाने कुणाशी बोलत नाही आणि यांना ते प्यारं वाटतंय! मी थँक्यू म्हणून बाहेर आले. तिथे भांडले नाही याचा राग मी पुढे महिनाभर घरातल्यांवर काढला.

मग मी उपाय सुरू केले. फेब्रुवारीत तिचा वाढदिवस आला, तर अख्ख्या वर्गाला बोलावलं. बत्तीस मुलं, जादूगार, केक, प्रत्येकाला रिटर्न गिफ्ट. मुलं आली, खाल्लं, गिफ्टचे पुडे घेतले, गेली. सोमवारी अनन्या पुन्हा एकटीच डबा खात बसली. त्यानंतर पाडव्याला महाराष्ट्र मंडळात छावणीतलं एक मराठी कुटुंब भेटलं. त्यांची शर्वरी अनन्याच्याच वयाची. आम्हा दोन्ही आयांना काय आनंद झाला! दुसऱ्याच रविवारी त्यांना घरी बोलावलं, दोघींना सोफ्यावर शेजारीशेजारी बसवलं, हातात श्रीखंडाच्या वाट्या दिल्या आणि सांगितलं, "हं, आता बोला छान मराठीत." आणि आम्ही दोघी दारात उभं राहून बघत बसलो. शर्वरीचा जन्म या भागातलाच, तिला मराठी कळायचं, पण बोलायची हिंदी. तिने विचारलं, "तुम्हारे पास टैब है?" अनन्याने मान हलवून नाही म्हटलं. पुढची चाळीस मिनिटं दोघी वाटीतलं श्रीखंड चमच्याने चाटत होत्या. दोघी मराठी आहेत एवढ्या भांडवलावर त्यांची मैत्री व्हावी, अशी आमची अपेक्षा. माझ्या संस्थेत माझ्याशिवाय दोन मराठी माणसं आहेत आणि त्यातल्या एकाचं मला तोंड बघवत नाही, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

हे सगळं फोनवर ऐकून सांगलीहून माझी आई म्हणाली, "पोरीला माझ्याकडे पाठव. जूनमध्ये इथल्या शाळेत घालू. मामेभावंडं आहेत, ओळखीची गल्ली आहे. कशाला जीव घेतेस तिचा?" सिद्धेशला ते पटायला लागलं होतं. मलाही पटत होतं, आणि पटतंय याचाच संताप येत होता. शेवटी ठरलं, वीस मेला आई लखनऊला येईल. तोवर अनन्या अशीच राहिली तर चोवीसच्या गाडीने आईबरोबर सांगलीला. दोन तिकिटंही काढून झाली. आठ वर्षांची माझी मुलगी मला दिवाळीत आणि मेमध्ये भेटणार होती. पार्कमध्ये मी तिला ढकलत होते ते या भीतीने.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा पार्कमध्ये गेलो. त्या म्हाताऱ्यासाठी मी माझ्या मुलीची हवा का बंद करावी?

तिथे वेगळाच प्रकार चालला होता. पार्कच्या मागच्या भिंतीलगत कॉलनीने चाळीस रोपं लावलेली होती. नळ मात्र फाटकाशी, पार भलत्या टोकाला. खैरनारांनी पाणी घालायचं काम अंगावर घेतलं होतं. त्यांच्याकडे आठ छोट्या बादल्या आणि आठ काठ्या होत्या. बादली अर्धी भरायची, कडीतून काठी घालायची आणि दोन मुलांनी काठीची दोन टोकं धरून ती रोपापर्यंत न्यायची. कॉलनीतली पंधरासोळा मुलं हे काम करत होती. मुलं त्यांना "काका अंकल" म्हणायची, कारण कुणीतरी मराठी माणसाने त्यांना काका म्हटलेलं ऐकून ते त्यांचं नावच असावं असा सगळ्यांचा समज झाला होता.

काका अनन्याजवळ आले. नाव विचारलं नाही, शाळा विचारली नाही, गालाला हात लावला नाही. खिशातली टेप काढून तिची उंची मोजली. "चार फूट दीड इंच." मग ओरडले, "अदीबा! इधर आओ." चष्मा लावलेली, दोन वेण्यांची एक मुलगी आली. तिलाही टेप लावली. "चार फुट दो. ठीक है. बत्तीस नंबर का पेड़. पानी गिरा तो वापस आकर फिर भरो." आणि काठी त्यांच्या हातात देऊन ते पुढच्या जोडीकडे वळले.

मी वाट बघत होते की ते आता ओळख करून देतील, ही नवीन आली आहे, हिच्याशी दोस्ती करा असं काही म्हणतील. मीच ते म्हणायला पुढे झाले, तर काकांनी डोळे वटारले. "तुम्ही त्या बाकावर बसा. आणि फोटो काढू नका."

मुली निघाल्या. अनन्या भराभर चालणारी, अदीबा सावकाश. दहा पावलांत पाणी हिंदकळून अदीबाच्या चपलांवर सांडलं. दोघी परत आल्या, पुन्हा भरलं, पुन्हा सांडलं. तिसऱ्या खेपेला अदीबा वैतागली. "तुम इतना जल्दी-जल्दी क्यों चलती हो?"

"तुम धीरे चल रही हो," अनन्या म्हणाली.

साडेतीन महिन्यांत लखनऊमधल्या एखाद्या मुलाशी माझी मुलगी बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि ते वाक्य म्हणजे तक्रार होती. मी बाकावरून उठलेच. काकांनी लांबूनच हाताने खूण केली, बसा.

पुढे हळूहळू त्यांची माहिती कळली. भुसावळकडचे. तरुणपणी रेल्वेत लागून उत्तर प्रदेशात आले ते इथलेच झाले. छत्तीस वर्षं रुळांची देखभाल करणाऱ्या गँगवर साहेब होते. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. कॉलनीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. एकदा मी त्यांना विचारलं, ही जोड्या लावायची रीत कुठून आणली.

"गँगमधून," ते म्हणाले. "नवीन माणूस आला की मी कधी त्याची ओळखबिळख करून दिली नाही. रूळ उचलायला लोखंडी चिमटे असतात, एका चिमट्याला दोन माणसं. मी फक्त उंची बघायचो आणि त्याला चिमट्याच्या दुसऱ्या बाजूला उभा करायचो. उंची सारखी नसली तर सगळा भार बुटक्यावर येतो, मग चिडतो तो. सारखी असली की दुपारपर्यंत एकमेकांच्या डब्यातलं खायला लागायचे. मला कधी सांगावं लागलं नाही."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर उद्या दुसरी जोडी. त्यात एवढं काय?"

मुलांवर ते कामापुरते ओरडायचे, मोठ्यांवर मनापासून. एक बाई मुलाऐवजी घरातल्या आयाला बादली उचलायला पाठवायची. तिला त्यांनी भर पार्कमध्ये विचारलं, "दोस्त किसे चाहिए, आया को?" एक गृहस्थ आपल्या मुलाला सगळ्यांचा कॅप्टन करा म्हणून मागे लागले होते, त्यांना म्हणाले, "कैप्टन बहुत हैं यहाँ, बाल्टी उठाने वाले कम हैं." लोक त्यांना सनकी म्हणायचे. मीही म्हणायची. पण अनन्या आता सहा वाजले की स्वतःच चपला घालायची. घरी येऊन "अदीबा बोल रही थी" म्हणून सुरुवात करायची आणि सगळं हिंदीत सांगायची. अदीबाच्या अब्बूंचं बाजारात चष्म्यांचं दुकान आहे, अदीबाला भेंडी आवडत नाही, अदीबाच्या मते बत्तीस नंबरचं झाड मुलगी आहे. "अगं, मराठीत बोल की," सिद्धेश म्हणायचा. मी त्याला गप्प केलं. बोलतेय हे कमी आहे का?

आणि मग आम्ही घोळ घातला. "आम्ही" म्हणतेय, सगळं खापर सिद्धेशवर फोडायचा मोह होतोय तरी. एका शनिवारी तो लवकर घरी आला, पार्कमध्ये आला आणि त्याने तो बादल्यांचा कारभार पाहिला. इंजिनियरचं डोकं. चाळीस रोपं, एवढं अंतर, एवढ्या खेपा, त्यातलं निम्मं पाणी वाटेत. अनन्याचे तळहात लाल झालेले. शिवाय कॉलनीचे सेक्रेटरी हर्षवर्धन त्रिपाठी ग्रुपवर रोज लिहीत होतेच, बच्चों से मज़दूरी करवाई जा रही है. सिद्धेश म्हणाला, "अगं, एक लांब पाइप घेतला की प्रश्न मिटला." आणि मला, डॉक्टरेट केलेल्या बाईला, ते एकदम पटलं. काकांनाही आराम, असंसुद्धा मी म्हणाले.

रविवारी आम्ही हिरवागार, भिंतीपर्यंत पुरेल एवढा लांब पाइप आणला. नळाला लावायची जोडणी, पुढे फवाऱ्याची तोटी, सगळं. पार्कला आमच्याकडून भेट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्रिपाठीजींनी दोन शब्द बोलून घेतले, फोटो निघाले. काका एका बाजूला उभे होते. त्यांनी पाइपकडे पाहिलं, आठ काठ्या गोळा करून काखेत घेतल्या आणि एक शब्द न बोलता घरी गेले. ते ओरडले नाहीत तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सोमवारी कॉलनीच्या माळ्याने एकट्याने वीस मिनिटांत चाळीस रोपांना पाणी घातलं. मुलं आली, उभी राहिली. थोड्या वेळाने काही बाकांवर मोबाइल घेऊन बसली, काही घरी गेली. अदीबा दोन दिवस आली, इकडेतिकडे बघून परत गेली. तिसऱ्या दिवशी आलीच नाही. अनन्या घराच्या खिडकीत उभी राहायला लागली, जानेवारीत राहायची तशी. मी म्हटलं, "चल, अदीबाकडे जाऊन येऊ."

"क्या बोलूँ जाके?" ती म्हणाली.

त्या दिवशी तारीख होती सात मे.

मी काकांच्या घरी गेले ती तावातावाने. माझा राग माझ्यावर होता, पण मी तो त्यांच्यावर काढायचं ठरवून जिना चढले. "काका, तुम्ही त्या दिवशी काही बोलला का नाहीत? एक शब्द बोलायचा होतात!"

"मी बोलायचं?" काका खुर्चीतून ताडकन उठले. "तू डॉक्टर, नवरा इंजिनियर, आणि दोघांना मिळून एवढं कळलं नाही की तिथे पाणी कमी पडत नव्हतं? झाडांनाच पाणी घालायचं असतं तर मी एकट्याने घातलं नसतं का? पाइप माझ्याकडे नाही काय?" त्यांनी वाकून पलंगाखालून धुळीने माखलेलं एक वेटोळं खसकन ओढून माझ्या पायाशी टाकलं. पार्कचा जुना पाइप होता तो. मार्चमध्येच काकांनी तो नळावरून काढून आणून लपवला होता.

मी खाली बसले. बसायला खुर्ची नव्हती म्हणून नव्हे.

"मुलांना काय म्हणता तुम्ही? दोस्त बनाओ. दोस्त काय चिखलाचा बनतो? मुलाला दुसऱ्याकडे जायला काहीतरी निमित्त लागतं. मी ते निमित्त हातात देत होतो. तुम्ही फवारा लावून धुऊन टाकलंत!" काकांचा आवाज फाटला होता. मग ते एकाएकी हळू बोलायला लागले, आणि ते मला जास्त जड गेलं.

"माझा माधव. सुलतानपूर, प्रतापगढ, बाराबंकी, उन्नाव... माझ्या बदल्यांपायी सात शाळा झाल्या त्याच्या. दर वेळी मी म्हणायचो, होतील नवे मित्र. प्रतापगढला एका पोराशी त्याचं भांडण झालं, अगदी कपडे फाटेपर्यंत. हे दोघं रोज एकत्र असायचे. ही म्हणाली, राहू द्या, दोन दिवसांत बोलतील आपापले. पण मी साहेब होतो ना! मी चपला घातल्या आणि गेलो त्या पोराच्या बापाकडे. तो आमच्या गँगमधलाच. त्याने पोराला माझ्यासमोर कान धरून माफी मागायला लावली. नंतर ते पोरगं माधवच्या वाऱ्याला उभं राहिलं नाही. पुढच्या महिन्यात बदली. ही म्हणत होती, वर्षभर थांबवून घ्या, अर्ज करा. मी केला नाही. आता बेचाळीसचा आहे. हैदराबादला मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या लग्नात त्याचे मित्र किती होते माहीत आहे? एकही नाही. सगळे माझे गँगवाले नाचत होते."

"त्याला राग आहे का तुमच्यावर?"

"राग असता तर बरं झालं असतं. दर रविवारी फोन करतो. तब्येत विचारतो, औषधं विचारतो, ठेवतो. परक्याशी बोलावं तसं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि पुन्हा खेकसले, "बसलीस काय? जा, पाइप काढ तो!"

"तुम्ही काढा की."

"मी? लावला कुणी?"

मी गेले. संध्याकाळची वेळ, पार्कमध्ये निम्मी कॉलनी. माळ्याच्या हातातून तोटी घेतली, नळ बंद केला आणि जोडणी फिरवायला लागले. त्रिपाठीजी धावत आले. "मैडम, यह सोसाइटी की प्रॉपर्टी है."

"मैंने दिया था, मैं वापस ले जा रही हूँ."

"फिर बच्चों से मज़दूरी करवाएँगी आप लोग?"

"आपका बेटा रोज़ शाम को गेट पर अकेला बैठा रहता है, त्रिपाठी जी. आपने कभी देखा है? कल उसको भेजिए. मेजरिंग टेप से नापकर जोड़ीदार मिलेगा." हे मी किंचाळून म्हणाले. जोडणीतून उडालेल्या पाण्याने मी नखशिखांत भिजले होते. त्रिपाठीजी फाटकाकडे बघत राहिले. तो लांबलचक पाइप फरफटत मी घरी आणला. सिद्धेश म्हणाला, "वेड लागलंय का तुला?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून बादल्या पुन्हा सुरू झाल्या. दोन दिवसांनी अदीबा आली. चार दिवसांनी त्रिपाठींचा मुलगाही आला, काकांनी त्याला मोजलं.

वीस मेला आई आली. एकवीसला संध्याकाळी ती अनन्याच्या केसांना तेल लावत बसली आणि अनन्याला पार्कमध्ये जायला उशीर झाला. अर्ध्या तासात ती परत आली ती रडत, हुंदके देत, एक वेणी सुटलेली, फ्रॉक चिंब. उशीर झाला म्हणून अदीबाने दुसऱ्या मुलीला काठीच्या दुसऱ्या टोकाला घेतलं होतं. तेही बत्तीस नंबरच्या झाडासाठी! अनन्याने ती बादली लाथ मारून उलटी केली. अदीबाने तिची वेणी ओढली. "मैं उससे कभी बात नहीं करूँगी! कभी नहीं! झूठी है वो!"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हे बघ. हेच सांगत होते मी. चल गं बाळा, आपण जाऊ आपल्या सांगलीला."

मी चपला पायात सरकवल्या. फाटकाबाहेर पडले तर काका समोरून येत होते.

"कुठे निघालीस?"

"अदीबाच्या आईकडे. असं वेणी ओढणं म्हणजे..."

"खबरदार!" काका असे गरजले की शेजारचे दोघं बाहेर आले. "ते भांडण तुझं आहे का? त्या दोघींचं आहे. महिनाभर पाणी वाहून कमावलंय त्यांनी ते. मी असाच निघालो होतो प्रतापगढला, असाच, चपला घालून! मागे फीर."

मी मागे फिरले. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल. माझी मुलगी आत रडत होती, अदीबाचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, आणि मी दारात नुसती उभी होते.

दुसऱ्या दिवशी अनन्या पार्कमध्ये गेली नाही. सहा वाजले, सव्वासहा वाजले. आई तिचे कपडे घडी करून बॅगेत भरत होती. "अनू, ही निळी जीन्स घेऊ ना? परवा निघायचं आपल्याला."

अनन्या सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिने बॅगेकडे पाहिलं. "परवा?"

"हो तर."

अनन्या एकदम उठून उभी राहिली. "मैं नहीं जाऊँगी! मैं चली गई तो वो सोचेगी मैं हार गई!" आणि अनवाणीच पळाली. आई आणि मी तिच्या मागे.

नळापाशी अदीबा बसली होती, काठी मांडीवर आडवी धरून, पार्ककडे पाठ करून. अनन्या तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. काका पलीकडच्या जोडीला दटावत होते, तिथूनच ओरडले, "पेड़ सूख रहा है! वह तुम लोगों के झगड़े के लिए नहीं रुकेगा." अदीबाने बादली नळाखाली सरकवली. अनन्याने काठीचं एक टोक धरलं. दोघी एकमेकींकडे न बघता निघाल्या. निम्म्या वाटेत अदीबा काहीतरी पुटपुटली. अनन्याने तिच्या दुप्पट आवाजात उत्तर दिलं. मग दोघींनी बादली खाली ठेवली आणि हातवारे करून, माना उडवून अशा काही भांडायला लागल्या की बाकीच्या जोड्या थांबून बघत राहिल्या.

"अगं, सोडव ना त्यांना," आई म्हणाली.

मी हलले नाही. काकाही हलले नाहीत. आई बराच वेळ बघत राहिली. तिची नात, जी साडेतीन महिने बोलत नव्हती म्हणून ती एवढ्या लांबून आली होती, ती भर पार्कमध्ये हिंदीत घसा ताणून भांडत होती, आणि भांडता भांडता एका हाताने अदीबाचा नाकावरून घसरलेला चष्मा वर सरकवत होती.

घरी परतताना आई म्हणाली, "दोनांतलं एक तिकीट रद्द होतं का गं?"

त्या संध्याकाळी मी काकांना चहाला बोलावलं. तिकिटाचं ऐकून ते म्हणाले, "मी जातो उद्या स्टेशनला. खिडकीवर फॉर्म भरतो."

"कशाला काका? फोनवर होतं," सिद्धेश म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

काका त्याच्या हातातल्या फोनकडे बघत राहिले. "मग मला करू दे. एक अर्ज राहिलाय माझा," ते म्हणाले. सिद्धेशने अनन्याच्या नावावर खूण केली, बाकीचं सगळं भरलं आणि फोन त्यांच्यापुढे धरून कुठे दाबायचं ते दाखवलं. काकांनी हात शर्टाला पुसला. बोट स्क्रीनवर नेलं, तिथेच थांबवलं, आणि मग दाबलं.

"झालं?"

"झालं काका."

"नीट बघ!" काका सिद्धेशवर ओरडले. त्यांचे डोळे भरले होते. "माझ्यावर सोडू नकोस. नक्की रद्द झालंय ना, ते नीट बघ."